पद्मालयाचे उसने रस्ते

जळगाव जिल्ह्यातील एरंडोल गावाच्या आग्नेयेस सुमारे दहा किलोमीटरांवर, झुडपी रानाने वेढलेल्या टेकड्यांमध्ये एक कमळांचे तळे आहे, तळ्याच्या काठी दगडी बांधणीचे गणपतीचे देवालय आहे, आणि या दोहोंच्या आश्रयाने राहिलेली पाच-पन्नास बिऱ्हाडांची तुटपुंजी वस्ती आहे. तळ्यावरूनच या स्थानास पद्मालय हे नाव पडले. येथे बाजार भरत नाही, गिरणी नाही, सरकारी कचेरी नाही, आणि येथून कोठेही पाठवावा असा माल पिकत नाही. असे असूनही खानदेशातील असे घर विरळाच की ज्यातील एखाद्या तरी माणसाने जन्मात एकदा या वाटेने प्रवास केलेला नाही. ज्या गावाला रस्ता मागण्याइतके उत्पन्न नाही, सारा नाही आणि लोकसंख्याही नाही, ते गाव शतकानुशतके माणसांच्या येण्याजाण्यात कसे राहिले, याचा विचार करू लागले म्हणजे असे दिसून येते की पद्मालयासाठी म्हणून मोठा रस्ता कोणी कधी काढलाच नाही; कापसासाठी, साऱ्यासाठी, टपालासाठी आणि पुढे मालमोटारींसाठी जे रस्ते निघाले, त्यांतील जवळचा जो असेल तो या क्षेत्राने आपला मानला, आणि तो मोडकळीस आला की दुसऱ्याकडे तोंड वळविले.

प्रथम स्थानमाहात्म्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण येथील सर्व रहदारीचे मूळ त्यातच आहे. गणपतीच्या अडीच पीठांपैकी अर्धे पीठ पद्मालयास आहे अशी भाविकांची समजूत आहे. गाभाऱ्यात एकाच आसनावर दोन स्वयंभू मूर्ती असून त्यांतील एक उजव्या सोंडेची व दुसरी डाव्या सोंडेची आहे. सहस्रार्जुन कार्तवीर्याने आणि शेषाने येथे तप केले व त्यांना गणेश प्रसन्न झाला, अशी या दोन मूर्तींची उपपत्ती पुजारी सांगतात. देवालयाच्या जीर्णोद्धाराचे श्रेय गोविंदशास्त्री बर्वे यांस दिले जाते, आणि प्रांगणातील प्रचंड घंटा पाहिल्याशिवाय कोणी यात्रेकरू परतत नाही. ती घंटा त्या काळात या टेकडीवर कशी चढविली असेल, हा प्रश्न मात्र यात्रेकरूंच्या मनात क्वचितच येतो. वाहतुकीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या मनात तो पहिल्याने येतो.

देवालयापासून थोड्या अंतरावर, रानात, भीमकुंड आहे. एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रानगरी आणि याच रानात भीमाने बकासुरास मारले, ही कथा या भागात आबालवृद्धांच्या तोंडी आहे. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे बंगाल-बिहारापर्यंत पसरलेली असल्याने या दाव्याचा निवाडा करण्याच्या भानगडीत प्रस्तुत लेखक पडू इच्छित नाही. परंतु त्या कथेतील एका तपशिलाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. बकासुराचा कर म्हणून गावाने पाठवावयाचे ते काय, तर गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक मनुष्य. याचा अर्थ असा की, कथा रचणाऱ्याच्या मनात तरी गावापासून राक्षसाच्या रानापर्यंत गाडा जाण्याजोगी वाट होती, आणि ती वाट सरकारी मागणीसाठीच पडलेली होती. पुढील काळातील साऱ्या रस्त्यांची हकिकत याहून फारशी निराळी नाही.

आता तळ्याकडे वळू. कमळाचा कंद चिखलात आडवा वाढतो आणि तेथून पानांचे व फुलांचे देठ वर पाण्याबाहेर येतात. देठाला जेवढे वाढता येईल तेवढ्याच खोलीचे पाणी त्याला मानवते, म्हणजे पुरुषभर, फार तर त्याहून थोडे अधिक. पाणी संथ हवे, तळाशी गाळ हवा आणि ऊन भरपूर हवे. काठाशी वाकून एखादा देठ हाती धरला तर तो कमळाच्या कीर्तीस न शोभेल इतका खरखरीत आणि बारीक काट्यांनी भरलेला लागतो. तो मोडून दोन तुकडे हळूहळू दूर नेले की मधून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघत राहतात, आणि संस्कृत कवींनी ज्या बिसतंतूंचे इतके कौतुक केले ते हेच. पानावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, पाऱ्याप्रमाणे घरंगळतो व जाताना पानावरची धूळ गोळा करून नेतो; पानाच्या पृष्ठभागावरील मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांवर थेंब जणू अधांतरी राहतो, म्हणून असे होते. ज्या पाण्यात इतकी कमळे मावतात ते पाणी उथळ आणि बंदिस्त असणार हे उघड आहे, आणि उथळ, बंदिस्त पाण्यावर नौका चालत नाही. पद्मालयाच्या तळ्याने गावाला नाव दिले, देवाला फुले दिली, गुरांना पाणी दिले. वाट मात्र दिली नाही.

हे सांगण्याचे कारण असे की जगात अन्यत्र काठची गावे पाण्यावरूनच एकमेकांस जोडली गेली. स्कॉटलंडातील लॉक लोमंड हे सरोवर सुमारे १९० मीटर खोल व कित्येक कोस लांब आहे. त्याच्या काठचे डोंगर इतके सरळ पाण्यात उतरतात की किनाऱ्याने रस्ता काढणे दुर्घट, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच तेथील खेड्यांमध्ये आगबोटी फिरू लागल्या. १८५० साली दक्षिण टोकाच्या बॅलोक गावापर्यंत लोहमार्ग आला, तेव्हा उतारू गाडीतून उतरून बोटीत बसत आणि काठच्या गावांना जात. म्हणजे तेथे सरोवर हाच हमरस्ता होता आणि आगगाडी ही त्याची पोटवाट. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. दख्खनच्या पठारावरील तळी बहुधा लहान, पावसावर भरणारी आणि उन्हाळ्यात आक्रसणारी. तेव्हा तळ्याकाठच्या गावास जगाशी संबंध ठेवावयाचा तर तो जमिनीवरूनच ठेवला पाहिजे.

आणि खानदेशची जमीन ही रस्त्यांची जन्मजात वैरीण आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यात पसरलेली काळी कसदार माती कपाशीला जितकी अनुकूल तितकीच चाकाला प्रतिकूल. या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात वाळून आक्रसतात. मग वैशाखात जिच्यात मनगट जाईल अशा भेगा पडलेली तीच जमीन आषाढात बैलांच्या गुडघ्यांपर्यंतचा चिखल होते. अशा मातीवर नुसती खडी पसरली तर दोन पावसाळ्यांत ती पोटात जाते. म्हणून खाली दगडांची सोलिंग, तीवर मुरूम, मग खडी, दोन्ही अंगांस पाणी काढून देणारे चर, आणि हे सगळे आसपासच्या शेतापेक्षा उंच, इतका खटाटोप केला तरच रस्ता टिकतो, आणि तितका पैसा केवळ देवदर्शनासाठी कोणतेही सरकार खर्च करीत नाही. टेकड्यांचा प्रदेश लागला की खाली मुरूम व काळा दगड मिळतो आणि गाडीवाट आपोआप घट्ट होते. त्यामुळे पद्मालयाच्या जुन्या प्रवासात अवघड असे ते शेवटच्या चढणीवर नव्हते, तर ती चढण येण्यापूर्वीच्या सपाट शिवारात होते. जुन्या काळी यात्रेकरू गाड्या जोडून निघत ते पावसाळा सरल्यावर, शेते वाळल्यावर. भाद्रपदातील गणपती घरी बसवावा आणि पद्मालयाच्या गणपतीस थंडीत भेटावे, असा व्यवहार निसर्गानेच घालून दिला होता.

पेशवाईच्या अखेरीस हा मुलूख उजाड व असुरक्षित झालेला होता. १८१८ नंतर खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठाणे केले, आणि १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगावास भिल्ल पलटणीचा तळ घातला. या पलटणीविषयी इतिहासकारांची मते काहीही असोत, तिच्या बंदोबस्तामुळे एरंडोल परगण्यातील वाटांवरून गाड्या निर्धास्त जाऊ लागल्या एवढे मान्य करावे लागते. रस्त्यांना पैसा मिळाला तो आणखी पुढे, लोकल फंडामुळे: १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल होऊ लागला, आणि त्याचे दोन वाटे रस्ते, विहिरी, धर्मशाळांकडे व एक वाटा शाळांकडे जाई. मामलेदार कचेरीच्या दफ्तरात या आण्याचा हिशेब काटेकोर असे. तो कोणत्या रस्त्यावर खर्च व्हावा हे मात्र माल कोठून कोठे जातो यावर ठरे.

माल जात होता स्टेशनाकडे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची वाट १८६० नंतरच्या वर्षांत चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळपर्यंत पोहोचली आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचे काम पुरे होऊन ती मुंबईशी अखंड जोडली गेली. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला काळ. या लोहमार्गाने गिरणा नदी ओलांडली नाही. नदीच्या पूर्वेकडून तो सरळ जळगावकडे गेला. त्यामुळे नदीच्या पश्चिमेकडील एरंडोल, पारोळा यांसारख्या जुन्या, नांदत्या कसब्यांना आगगाडी दुरूनच ऐकू आली. त्यांच्यासाठी जवळचे स्टेशन म्हणजे गिरणेपलीकडचे म्हसावद. (नंदुरबारकडील किंवा साताऱ्याकडील त्याच्या नामसदृश गावांशी वाचकांनी घोटाळा करू नये.) ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत एरंडोलचे वर्णन अंजनी नदीकाठचे, पूर्वी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नाव मिळविलेले, कापूस, नीळ व धान्य यांचा व्यापार असलेले गाव असे केले असून, ते नऊ मैलांवरील म्हसावद स्टेशनाशी पक्क्या सडकेने जोडलेले आहे हे आवर्जून नमूद केले आहे. एरंडोली कागदावर किती कुळकर्ण्यांची दफ्तरे लिहिली गेली असतील कोण जाणे. पण ज्या सडकेने तो व्यापार चालला तिच्याच अंगाने पद्मालयाचे डोंगर उभे आहेत.

पद्मालयाचा पहिला पक्का उसना रस्ता तो हा. कापसाचे गाडे एरंडोलहून म्हसावदेकडे जात, आणि त्याच सडकेने उलट्या दिशेने, स्टेशनावर उतरलेले भाविक दमण्या व तांगे करून गिरणा ओलांडीत आणि मधूनच डोंगराकडे वळत. नदीला पूर असला म्हणजे उताराजवळ दोन्ही तीरांवर गाड्या खोळंबत, पाणी ओसरेपर्यंत झाडाखाली चुली पेटत, आणि देवदर्शनाला निघालेली मंडळी व कापसाचे अडते यांची एकच पंगत होई. शेजारचे माहेजी स्टेशन तर याहून मोठ्या गर्दीचे धनी होते, कारण माहेजी या संन्यस्त स्त्रीच्या समाधीपाशी पौषात भरणारी जत्रा ही त्या काळी खानदेशातील सर्वांत मोठी यात्रा म्हणून गणली जाई. रेल्वेच्या नकाशावर ही दोन स्टेशने एकापुढे एक आली हा केवळ योगायोग. परंतु त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्या उतारूला एकाच तिकिटाच्या पल्ल्यात दोन क्षेत्रे साधता येऊ लागली.

१९०० साली हे चित्र एकाएकी पालटले. त्या एकाच वर्षी दोन नवे लोहमार्ग सुरू झाले: चाळीसगावहून धुळ्यास जाणारा फाटा, आणि सुरतेकडून तापीच्या खोऱ्याने आलेल्या मार्गाला जोडणारा अमळनेर-जळगाव मार्ग. पहिल्यामुळे धुळ्याकडील मालाला म्हसावदची गरज उरली नाही; दुसऱ्यामुळे एरंडोलच्या उत्तरेस धरणगाव येथे स्टेशन झाले, आणि तेथे जाण्यास गिरणा ओलांडावी लागत नव्हती. ज्या धरणगावात बालकवी ठोमरे यांचा जन्म झाला ते हेच, आणि १९१८ साली त्यांना अकाली मृत्यू आला तोही जळगावजवळ भादली स्टेशनाच्या रुळांवर. खानदेशच्या आगगाडीची आठवण निघाली की हा सल मराठी वाचकाच्या मनात उठतोच. असो. नवे मार्ग झाल्यावर म्हसावदची सडक नाहीशी झाली नाही, पण तिच्यावरची थोरवी गेली. जिच्यावरून जिल्ह्याचा व्यापार वाहत होता ती आता दोन-चार गावांची वाट झाली. पद्मालयाला त्याचा तोटा झाला काय? फारसा नाही. सुरत-नवापूरकडून येणारा भाविक आता धरणगावला उतरून एरंडोलमार्गे येऊ लागला, मुंबईकडचा म्हसावदवरूनच येत राहिला. क्षेत्राला दुसरे दार मिळाले, आणि तेही दुसऱ्याच्या खर्चाने.

मोटारीच्या युगात तिसरे दार उघडले आणि तेच आज पुढचे दार ठरले आहे. सुरत, धुळे, जळगाव, नागपूर असा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा महामार्ग एरंडोलवरून गेला. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, नव्या गणनेत तो त्रेपन्न झाला, आणि फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण हा अनेक वर्षे जळगाव-धुळ्याच्या प्रवाशांच्या गप्पांचा हुकमी विषय होता. पाळधीच्या पुढे बांभोरीजवळ हा महामार्ग गिरणा ओलांडतो. म्हणजे पूर्वी म्हसावदेस बैलगाडीने जी नदी उतरावी लागे, तीच आता जळगावचा प्रवासी पुलावरून क्षणभरात मागे टाकतो व त्याला ती लक्षातही येत नाही. राज्य परिवहनाची गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली, आणि पुढील दोन-तीन दशकांत एसटीने एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावांना असे महत्त्व दिले की जे रेल्वेने त्यांना नाकारले होते. आगगाडीच्या राज्यात एरंडोल आडवाटेवर होते. एसटीच्या राज्यात ते नाक्यावर आले.

येथे एक व्यावहारिक कोडे आहे व ते समजून घेण्यासारखे आहे. पद्मालयाला जाणाऱ्यांची संख्या वर्षभर सारखी नसते. संकष्टी चतुर्थी दर चांद्रमासात एकदा येते. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून वर्षात संकष्ट्या बारा किंवा तेरा. त्यांतील जी मंगळवारी येते ती अंगारकी. सात वारांपैकी एक वार असल्याने सरासरीने सात संकष्ट्यांमागे एक अंगारकी, म्हणजे वर्षाला दोनाहून किंचित कमी. त्या दिवशी एरंडोलच्या स्टँडवर पहाटेपासून रांग लागते, जादा गाड्या सोडाव्या लागतात, रिक्षा व काळीपिवळीवाले ‘कथा चालना भाऊ?’ असे अहिराणीत पुकारीत फिरतात, आणि दूर्वा, जास्वंद, नारळ, तळ्यातली कमळे घेऊन बसलेल्या बाया रस्त्याच्या कडेने ओळीने दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर एखादा वाटसरू बसची वाट पाहत एकटा उभा असतो. वाहतूक चालविणाऱ्याने गाड्या कोणत्या हिशेबाने ठेवाव्यात? अंगारकीच्या गर्दीला पुरतील इतक्या ठेवल्या तर उरलेले दिवस त्या रिकाम्या धावणार, आणि रोजच्या उतारूंपुरत्या ठेवल्या तर सणाला हाहाकार. यावर जगभर एकच तोड निघाली आहे: रोजची सेवा तोकडी ठेवावयाची आणि पर्वणीला इतर मार्गांवरच्या गाड्या उसन्या आणावयाच्या. त्याचा भुर्दंड बसतो तो काठावरच राहणाऱ्यांना, कारण ज्यांना दवाखान्यात, शाळेत, बाजारात जावयाचे त्यांची गरज चतुर्थी पाहून येत नाही. यात्रेकरूंच्या हिशेबाने चालणाऱ्या प्रत्येक लहान क्षेत्राची ही अडचण आहे, आणि तिची दखल यात्रेकरूंनी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या काही वर्षांत मोटारसायकलींनी हे कोडे निम्मे सोडविले व निम्मे वाढविले. जळगाव-एरंडोलची तरुण मंडळी रविवारी सकाळी निघून दर्शन, तळे, भीमकुंड उरकून, झाडाखाली भरीत व कळण्याच्या भाकरीचा समाचार घेऊन, दुपारी घरी परततात; त्यांना ना स्टेशनाची गरज, ना स्टँडची. जो रोजचा उतारू एसटीला थोडाफार आधार देत होता तोही दुचाकीवर बसला, आणि बसवर विसंबून राहिली ती म्हातारी माणसे, शाळकरी मुले व बायका. पावसाळा संपता संपता टेकड्या हिरव्या असतात आणि तळ्यात फुले असतात, तेव्हा येणाऱ्याने हाच काळ निवडावा, असे या लेखकाचे मत आहे. पूर्वजांना जे काळ्या मातीने करू दिले नाही ते आपल्याला डांबराने करू दिले आहे.

म्हसावद स्टेशन आजही आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या या मार्गावर रात्रंदिवस गाड्यांची रीघ असते, परंतु तेथे थांबतात त्या मोजक्या. ज्याला पद्मालयास त्या बाजूने जावयाचे असेल त्याने थांबणारी गाडी आधी पाहून ठेवावी आणि स्टेशनापासून पुढे वाहन मिळेल याची चौकशी करूनच निघावे. बाकीच्यांनी जळगावास उतरून महामार्गाने एरंडोल गाठावे व तेथून वळावे. अंगारकीच्या दिवशी मात्र पहाटेच निघावे, कारण एरंडोलच्या पुढचे अंतर त्या दिवशी किलोमीटरांनी मोजता येत नाही.